रिमोटवरचं भांडण पुरे, आता छताकडे बघा

जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की एसीचं तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येऊ नये, असा नियम सरकार आणू पाहतंय. तेव्हा पेटलेला वाद अजून धुमसतो आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की माझं घर, माझं वीजबिल, मी किती अंशांवर झोपायचं हे दिल्लीने का सांगावं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, १६ अंशांवर एसी लावून वर रजई ओढणाऱ्यांना शिस्त लागायलाच हवी. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण सूर्य मावळून तीन-साडेतीन तास झाले तरी आपल्या घरातली खोली बाहेरच्या गल्लीपेक्षा गरम का असते, हा प्रश्न दोघंही विचारत नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. आपली घरं तापतात आणि कोंदटतात, कारण ती तशी बांधली गेली आहेत, आणि बांधून झाल्यावर आपण ती आणखी बिघडवली आहेत. आज उभी असलेली लाखो घरं दुरुस्त करणं हे पाणी आणि रस्त्यांइतकंच सार्वजनिक काम आहे. ही दुरुस्ती करताना ऊन अडवणं आणि हवा खेळती ठेवणं या दोन गोष्टी एकत्रच करायला हव्यात. एक करून दुसरी सोडली तर वीज वाचेल आणि माणसं आजारी पडतील. खट्टर यांच्याकडे ऊर्जा खातं आहे तसंच गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार खातंही आहे. चर्चा मात्र पहिल्या खात्यातच अडकून पडली, याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्याही घरी एप्रिलच्या रात्री जा. स्टुलावर चढून छताला तळहात लावा. चटका बसणार नाही, पण हात काढून घ्यावासा वाटेल इतकी ऊब लागेल. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता वरून खाली झिरपायला काही तास घेते. म्हणून छताची आतली बाजू दुपारी बारा वाजता नव्हे, तर संध्याकाळी आणि रात्री सर्वांत जास्त तापलेली असते, नेमकी आपण अंथरुणावर पाठ टेकतो तेव्हा. पंखा लावला की छताखालचा तापलेला थर तो खाली ढकलतो. एसी लावला की खोलीतली हवा गार होते, पण छत अंगावर उष्णता फेकतच राहतं. एसीच्या पट्टीवर २४ आकडा दिसत असतो आणि पाठ घामाने भिजलेली असते. मग माणूस रिमोट उचलून २० करतो, १८ करतो. त्याला उधळा म्हणून हिणवणारे त्याच्या खोलीत एक रात्र झोपलेले नसतात. आणि ‘हे माझं स्वातंत्र्य’ म्हणणारा तो माणूसही हे ओळखत नाही, की त्याच्या बिलातला मोठा भाग गारव्याचा नसून आधी आत घेतलेली उष्णता बाहेर काढण्याचा आहे.

नियमाच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एसीचं तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून तारांकित (स्टार लेबल असलेले) एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत हा नियम झाला, तो चांगलाच झाला. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर पोचली होती आणि वर्षाला एक कोटीहून जास्त एसी विकले जात आहेत. अशा वेळी फुकटात मिळणारी बचत कुणी का सोडावी? माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तो नियम आल्यावर काम झालं असं समजण्याबद्दल आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात देशातल्या फक्त ८ टक्क्यांच्या आसपास घरांत एसी असल्याची नोंद होती. तो आकडा आता वाढला असला तरी बहुसंख्य घरांत एसी नाहीच. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला २० अंश आणि २८ अंश यांच्या वादात कोणती जागा आहे?

इथे लोक मला अडवतात. म्हणतात, आपल्याकडे घरं दुरुस्त करण्याची ही परदेशी कल्पना चालणार नाही. पण आपण गेली तीस-चाळीस वर्षं घरं बदलतच आलो आहोत, फक्त उलट्या दिशेने. मराठवाड्यात आणि खानदेशात धाब्याच्या घरांवर वीतभर जाडीचा मातीचा थर असायचा. त्याच्या जागी चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब आला. चाळीच्या खोलीपुढे व्हरांडा होता, तो भिंतीला ऊन लागू देत नव्हता. फ्लॅटला बाल्कनी मिळाली आणि ताबा घेतल्याच्या वर्षातच ती आत घेतली गेली. सावली देणारी जागा गेली आणि खोलीची पश्चिमेची बाजू उघडी पडली. लाकडी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडायची. त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, ज्यांचं एक तावदान दुसऱ्याच्या मागे सरकतं, म्हणजे खिडकी कधीच निम्म्यापेक्षा जास्त उघडत नाही. दारावरचे झरोके एसी बसवताना प्लायवुड लावून बंद केले. न्हाणीघराच्या तिरप्या काचांच्या पट्ट्या ‘पाल येते’ म्हणून सिलिकॉनने चिकटवल्या. प्रत्येक बदलाला त्या वेळी सबळ कारण होतं. जागा अपुरी होती, चोरांची भीती होती, डास होते, धूळ होती. मी कुणाला दोष देत नाही. पण घर बदलणं आपल्याला जमतं आणि त्यासाठी आपण पदरचे पैसेही घालतो, हे तरी मान्य व्हायला हवं.

याच मुद्द्यावरून काही जण जुन्या वाड्यांचे गोडवे गाऊ लागतात. मला तेही पटत नाही. वाड्याचं माजघर उन्हाळ्यात गार असायचं हे खरं, पण त्यामागचं स्वयंपाकघर काजळीने काळं झालेलं असायचं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला आणि डोळ्यांतलं पाणी हा त्या वास्तुरचनेचाच भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरोघर पोचले तरी पुन्हा भरून आणणं परवडत नाही म्हणून कित्येक घरांत चूल विझलेली नाही. आज गरज जुनं घर परत आणण्याची नाही. त्या घराला जाड छताचं आणि सावलीचं जे शहाणपण होतं ते आजच्या स्लॅबला कसं द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

घरातली हवा हा खाजगी मामला आहे, तिथे महापालिकेने का डोकवावं, असंही विचारलं जातं. मुंबईने या प्रश्नाचं उत्तर एकदा फार मोठी किंमत मोजून दिलेलं आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं; संशय अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर होता. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते पाडले, दादर-माटुंग्याची आखणी केली आणि खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची व अंतर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनावर बेतण्याचा नियम वापरला. ट्रस्टने हजारो गरिबांची घरं पाडली आणि तितकी बांधून दिली नाहीत, हा त्याच्यावरचा ठपका रास्त आहे. रोगाचं निदानही चुकलेलं होतं. तरी एक तत्त्व त्यातून रुजलं होतं, की शेजाऱ्याच्या खोलीत वारा येतो की नाही ही अख्ख्या शहराची काळजी आहे.

शंभर वर्षांनी त्याच शहराने हे तत्त्व सोडून दिलं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर इतकं कमी ठेवलं गेलं की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे पाहणी केली तेव्हा उजेड-वारा नसलेल्या घरांशी क्षयरोगाचं प्रमाण जोडलेलं दिसलं. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. ती हवा बाहेर जायला वाटच नसेल तर ते खोलीतल्या खोलीत फिरत राहतात. झोपडीतून पक्क्या घरात आणलेल्या कुटुंबाला आपण हे दिलं. या घरात आजारी पडणाऱ्या मुलाच्या औषधाचा खर्च सरकारी दवाखाना करतो, म्हणजे आपण सगळे करतो. मग भिंतीत एक पंखा बसवण्याचा खर्च तेवढा खाजगी कसा?

आता दुसरा धोका, जो वीज वाचवण्याच्या उत्साहात हमखास विसरला जातो. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत इंधन वाचवण्याची घाई सुरू झाली. इमारती सांधे-फटी बुजवून घट्ट केल्या गेल्या, बाहेरची हवा आत घेणं खर्चिक ठरलं. तिथल्या अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेने १९८१ च्या मानकात माणशी ताज्या हवेचं किमान प्रमाण मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत खाली आणलं. पुढच्या काही वर्षांत कचेऱ्यांतली माणसं डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारी करू लागली. घरी गेली की बरी होत. ‘सिक बिल्डिंग’ हा शब्दप्रयोग त्याच काळात रुळला. १९८९ मध्ये त्याच संस्थेला ते प्रमाण तिपटीने वाढवून १५ घनफूट करावं लागलं. आपण हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवायचा का?

आपल्या घरात हे कसं घडतं ते पाहा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा खेचतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२५ च्या आसपास असतो. दार-खिडक्या लावलेल्या छोट्या खोलीत दोन मोठी माणसं आणि एक मूल झोपलं की पहाटेपर्यंत हा आकडा सहज दोन हजारांच्या पुढे जातो. सकाळी डोकं जड का वाटतं याचं एक कारण तिथे आहे. त्यात डासांसाठी लावलेली कॉइल जमेस धरा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. संध्याकाळच्या उदबत्तीचा आणि धुपाचा धूर आहेच. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की ठसका बाहेरच्या खोलीत बसलेल्या आजोबांपर्यंत जातो. जिथे ठसका पोचतो तिथे गॅसच्या ज्योतीतून निघालेला नायट्रोजन डायऑक्साइडही पोचतो, फक्त तो नाकाला तितका जाणवत नाही. बाजारात ‘चिमणी’ म्हणून जे विकलं जातं त्यातली काही यंत्रं नळी न लावता बसवतात. ती तेल अडवतात आणि बाकीचा धूर गाळून तिथेच सोडतात. सर्वांत भयंकर म्हणजे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर. कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि प्रत्येक बातमीत न्हाणीघराला हवा जायला वाट नसते. ज्या घरात हे सगळं आहे तिथे जाऊन ‘फटी बुजवा, एसीची वीज वाचेल’ असा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो असा, की खिडकी उघडून मिळणारी हवा तरी कुठे चांगली आहे? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. भारतीय मानकानुसार हवेतल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असं सांगितलं. चंद्रपूरला औष्णिक केंद्राच्या छायेत राहणाऱ्याला किंवा मुंबईत तीन बाजूंनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या माणसाला ‘खिडक्या उघडा’ म्हणणं म्हणजे धूळ खा म्हणणं आहे. पण या आक्षेपातून निघणारा ‘म्हणून बंद करून बसा’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. बाहेरची धूळ बंद खिडकीतूनही हळूहळू आत येतेच, आणि आत तयार झालेला धूर बंद खिडकीमुळे बाहेर जात नाही. बंद घर दोन्हीकडून मार खातं. उपाय जागेनुसार करावा लागतो. स्वयंपाक चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास भिंतीतला एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवला, आणि त्याच्या समोरच्या टोकाला हवा आत यायला वाट ठेवली, तर धूर बैठकीत न शिरता थेट बाहेर जातो. वाट न ठेवता नुसता पंखा लावला तर तो तिथल्या तिथे गरगरतो, हे आपल्याकडे गवंड्यालाही कुणी सांगत नाही. दिवसा बाहेर ऊन आणि रहदारी असते तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात, रात्री उशिरा आणि पहाटे सताड उघडाव्यात. हवा फारच वाईट असलेल्या वस्तीत गाळणी लावलेला छोटा पंखा भिंतीत बसवून ताजी हवा गाळून आत घेता येते. त्याला पैसे पडतात. पण आज लोक तेवढेच पैसे देऊन एअर प्युरिफायर आणतात, जो कण गाळतो आणि कार्बन डायऑक्साइड, ओल, गॅस जसेच्या तसे ठेवतो.

ओलीचा प्रश्न तर कोकणपट्टीत आणि मुंबईत उष्म्याइतकाच मोठा आहे. जुलैमध्ये कपाटामागची भिंत काळी पडते, गाद्यांना कुबट वास येतो, दम्याच्या मुलाचा पंप हाताशी ठेवावा लागतो. आपण दरवर्षी त्यावर रंग देतो. पाणी कुठून येतं ते शोधलं नाही आणि आतली दमट हवा बाहेर काढली नाही, तर बुरशी त्याच रंगातून पुढच्या पावसाळ्यात डोकं काढते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. २०२३-२४ मध्ये भारतातला दरडोई वीजवापर १,३९५ युनिट होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. ज्यांनी शतकभर वीज उधळली त्यांनी आता आम्हाला बचत शिकवू नये, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक काय? काहीच नाही. पण मी कमी गारव्याचा आग्रह धरत नाही. तेवढ्याच पैशात जास्त गारवा आणि जास्त जणांना गारवा, एवढंच माझं मागणं आहे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात आणि वारा तेवढाच लागतो. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर दर कसा उडी मारतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या सोळा युनिटांची किंमत सांगावी लागणार नाही. उजाला योजनेने हे करून दाखवलं आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब घाऊक मागणीमुळे दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला आणि असे ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. पंख्यांसाठी आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टसाठी तीच खरेदी तितक्याच जोमाने का होऊ नये?

मात्र घाई नको. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने मंदीवर उतारा म्हणून घरांच्या माळ्यांत उष्णतारोधक थर भरून देण्याची योजना काढली. दहा लाखांहून अधिक घरांत काम झालं. पण रातोरात उगवलेल्या कंत्राटदारांनी अननुभवी पोरांना माळ्यावर चढवलं. चार तरुण कामगार मेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली आणि पुढे शाही आयोग बसला. कल्पना चांगली होती, हात शिकलेले नव्हते. आपल्याकडे वॉटरप्रूफिंगवाले, पेंटर, एसी दुरुस्त करणारी मुलं भरपूर आहेत. छताला कोणता लेप किती जाड द्यायचा, एक्झॉस्टची नळी कुठे काढायची, गॅस गीझर कुठे लावायचाच नाही, हे त्यांना आयटीआयमध्ये आधी शिकवायला हवं. योजनेचा पहिला रुपया तिथे जावा.

तिसरा आक्षेप मुंबई-पुण्यात हमखास ऐकू येतो. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता तिच्यावर खर्च कशाला? ज्यांचा करार झालाय आणि विकासकाकडून मिळणारं भाडं सुरू झालंय त्यांनी खर्च करू नये हे मान्य. पण ‘जाणारच आहे’ म्हणत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं थांबलेल्या सोसायट्या कमी नाहीत. विकासकाला न परवडणाऱ्या जागेवरच्या इमारतींची तर बोलणीही सुरू होत नाहीत. लहान मुलाचं अख्खं बालपण त्या थांबण्यात संपतं. शिवाय नवी इमारत आपोआप गार असते असं कुणी सांगितलं? इको निवास संहिता ही नव्या घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली २०१८ सालीच आली. छत आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. तरीही पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेले फ्लॅट आजही ‘व्ह्यू’ म्हणून जास्त भावाने विकले जातात. आणि संहिता कितीही चोख पाळली तरी ती नव्या बांधकामाची आहे. बांधून झालेल्या घरांना हात लावणारा नियमच नाही.

भाडेकरूचं काय, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. वीजबिल भाडेकरू भरतो, छत घरमालकाचं. मालकाने खर्च का करावा आणि अकरा महिन्यांचा करार असलेल्या भाडेकरूने तरी का करावा? या कोंडीने काय होतं ते मुंबईने पाहिलेलं आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती माणसांसकट कोसळू लागल्या. तेव्हा सरकारने ‘हा तुमचा आपसातला प्रश्न’ म्हणून अंग काढून घेतलं नाही. १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ उभं केलं, उपकर बसवला आणि १९,६४२ इमारतींची जबाबदारी घेतली. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारींचा डोंगर आहे, पण दोघांच्या भांडणात घर पडत असेल तर तिसऱ्याने पैसा गोळा करून दुरुस्ती करायची हा मार्ग महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच स्वीकारलेला आहे.

आज तो मार्ग सोपा आहे, कारण यंत्रणा तयार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. अभियंता जिना चढून गच्चीवर जातोच, प्रत्येक घराचं छत आणि न्हाणीघर बघतोच. त्याच फेरीत छताची उष्णता, पश्चिमेच्या भिंती, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, गीझरची जागा आणि डक्टमध्ये कोंडलेली हवा यांची नोंद त्याने करावी. बांधकाम खर्चाच्या ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी दरवर्षी जमा होतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतं तेव्हा परांची, मजूर, सिमेंट सगळं आलेलंच असतं. त्याच वेळी ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर गडद लेपाऐवजी पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर) किंवा परावर्तक लेप दिला तर वरच्या मजल्यावर २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो आणि वाढीव खर्च थोडका असतो. गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर घातलेली पत्र्याची शेडही स्लॅबवर सावली धरते, बाजूंनी वारा जायला जागा सोडली तर. मुंबईत पांढरा रंग पावसाळ्यानंतर शेवाळाने काळा पडतो. तो दर फेब्रुवारीत घासून धुवावा लागेल, हे सभेत आधीच सांगायला हवं. नाहीतर तिसऱ्या उन्हाळ्यात ‘काही उपयोग झाला नाही’ असा ठराव होईल. मधल्या मजल्यांना छताचा फायदा मिळत नाही. त्यांच्यासाठी काचेच्या बाहेरून सावली हवी, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात शिरलेलंच असतं. पण बाहेर छज्जा किंवा चिकाचे पडदे लावायला इमारतीचं रूप बिघडतं म्हणून सोसायट्याच मनाई करतात. सगळ्यांनी एकाच नमुन्याचे लावायचे असा ठराव केला की तो अडथळा संपतो.

पालिकांनी यात उतरायला नवा कर लावायची गरज नाही. सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांसाठी पुणे महापालिका मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते. तीच सवलत परावर्तक छताला आणि बाहेरच्या सावलीला द्यावी, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात हवा खेळती असल्याची नोंद ऑडिटमध्ये असेल तरच.

आणि ज्यांच्याकडे सोसायटी नाही, सिंकिंग फंड नाही, मालमत्ता कराची पावतीही नाही, त्यांच्या पत्र्यांचं काम पूर्णपणे सार्वजनिक पैशातून व्हावं. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये १,३४४ जादा मृत्यू झाले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छतांना चुना व परावर्तक रंग द्यायला सुरुवात केली. तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांचं शीत छत धोरण जाहीर केलं. विदर्भ आपल्याकडे असताना महाराष्ट्राने मागे राहावं असं काही कारण नाही. छतावर सौरपट्ट्या बसवण्याच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेसाठी केंद्राने ७५,०२१ कोटी रुपये ठेवले आहेत. ज्यांच्या मालकीचं सौरपट्ट्या पेलणारं छत आहे त्यांना त्यातून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. ज्यांच्या डोक्यावर झोपडीचा पत्रा आहे त्यांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. त्यांच्या पत्र्यावर पांढरा लेप, पत्र्याखाली हवेची फट ठेवून बसवलेलं साधं आतलं छत, भिंतीच्या वरच्या कडेला जाळीची खिडकी आणि चुलीवर किंवा शेगडीवर एक एक्झॉस्ट, एवढी मागणी आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला आणि जळगावच्या पालिकांनी याच्या निविदा डिसेंबरमध्ये काढाव्यात आणि मार्च संपायच्या आत रंग सुकलेला असावा. एप्रिलमध्ये बैठक आणि जूनमध्ये काम, असं झालं तर तो पैसा पहिल्या पावसात धुऊन जाईल.